उत्तर: आईचं नाव मतदार यादीतून वगळलं, नोटीस आलीच नाही

तुमची पोस्ट दोनदा वाचली. इमारत पुनर्विकासाला गेलेली, आई भाड्याच्या घरात, ओळखपत्र कपाटात आणि यादीत नावापुढे 'स्थलांतरित'. २०१९ला लोकसभेच्या तोंडावर माझं अगदी हेच झालं होतं, तेही मुंबईतच.

नाव कसं शोधायचं, बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा अधिकारी) कोण, हे तुम्हाला ठाऊक दिसतंय, ते सोडतो. तुमचा प्रश्न आहे, 'सरळ नमुना ६ (यादीत नव्याने नाव घालायचा अर्ज) भरून मोकळी होऊ का?' भरा, पण नुसता तोच भरून घरी येऊ नका. मी नेमकं तेच केलं. मतदार नोंदणी कार्यालयात खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "नवीन अर्ज टाका, होऊन जाईल." मी टाकला, पोच मागितली नाही. दोन आठवड्यांनी त्याच खिडकीवर ऐकलं, "तुमच्याकडे जुनं कार्ड आहे, मग तुम्ही नवीन मतदार कसे?" तोवर उमेदवारी अर्जांची मुदत संपली होती. त्यानंतर यादीत नाव घालता येत नाही. २९ एप्रिलला बाकीचे बोटाची शाई दाखवत होते, मी दुकानात बसलो होतो.

कार्ड दाखवून भांडण्यात अर्थ नाही. कार्ड ही ओळख, हक्क यादीतल्या नावावर. विचारायचं एवढंच: वगळण्याआधी नोटीस कुठल्या पत्त्यावर, कोणत्या तारखेला पाठवली, आणि ती पोचली का? १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २२ स्पष्ट आहे. राहण्याचं ठिकाण बदललं म्हणून नाव काढायचं असेल, तर त्या माणसाला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. (मृत्यूच्या कारणाला मात्र ही अट त्या कलमात नाही. म्हणून जिवंत माणसाला 'मयत' ठरवलं, तर त्याला कळायलाही वाव राहत नाही. हे मला अजून पटलेलं नाही.)

मी माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. कागद आले, त्यात माझ्या नोटिशीच्या पाकिटाची झेरॉक्स होती. पत्ता जुन्याच इमारतीचा, तीही विंग चुकलेली, आणि कोपऱ्यात पोस्टमनने लिहिलेलं: 'इमारत पाडली आहे.' पाकीट परत आलं, फाईलला लागलं, आणि तोच माझ्या स्थलांतराचा पुरावा झाला! माझा भाडेकरार दोन गल्ल्या पलीकडचा, त्याच मतदारसंघातला. सोसायटीच्या सचिवांना एक फोन केला असता तर कळलं असतं. पोस्टमनने खरं तेच लिहिलं, त्याला दोष नाही. ज्या कार्यालयाने ते वाचून पुढे काहीच केलं नाही, त्याचं नाव इथे घेत नाही, पण तिथल्या बाकांवर मी चार सकाळी घालवल्या.

म्हणून आधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: वगळणीचा आदेश, नोटीस आणि तिच्या बजावणीचा कागद, तिन्हींच्या प्रती. कुणी नमुना ७ भरून हरकत घेतली असेल तर त्याचीही प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कलम २४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आदेशापासून १५ दिवसांत. मुदत उलटली असेल तर उशिराचं कारण लिहा; 'नोटीसच मिळाली नाही' यापेक्षा चांगलं कारण मला तरी सुचत नाही. निवडणूक जवळ असेल तर नमुना ६ सोबतच टाका, अपिलाची वाट बघत बसू नका. मी वकील नाही, तारखा आणि नमुने बदलतात, तुम्ही ताडून बघा. २०१९ला मतदारसंघातल्या मतदारसंघात पत्ता बदलायला नमुना ८अ होता, २०२२पासून ते काम नमुना ८मध्येच होतं. पुनर्विकासाला घर सोडताना मी तो भरला असता तर हे सगळं टळलं असतं, हेही कबूल करतो.

कुणी 'आम्हाला ठरवायचा अधिकार आहे' म्हणालं, तर १९९५चा लाल बाबू हुसेन खटला सांगा. मुंबई-दिल्लीच्या मतदारांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ज्याचं नाव आधीच यादीत आहे त्याला संशयाचं कारण कळलं पाहिजे आणि उत्तर द्यायची खरी संधी मिळाली पाहिजे. खिडकीवर हे ऐकून कुणी दचकत नाही, पण अर्जात लिहिलेलं असलं की वरचा माणूस वाचतो.

जाता जाता: पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊ नका, माझा एक दिवस तिथे वाया गेला. पालिका निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, ते काही दुरुस्त करत नाहीत. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांची सही घेऊन ठेवा की आई सभासद आहेत, काम पूर्ण झाल्यावर परत येणार आहेत. आमच्या सचिवांनी सहीला आठ दिवस लावले.

अर्ज दिलात की कळवा. माझ्या अपिलाचा मसुदा आहे, नाव-पत्ता खोडून पाठवतो.