‘असंबद्ध’ खोड

प्रिय,

बोलण्याच्या तक्रारीसाठी तुझ्याकडे येणाऱ्या मुलाचा अहवाल मिळाला. दुसऱ्याच ओळीत ‘मुलगा असंबद्ध बोलतो’ असं लिहिलंयस. आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, ‘मॅडम, त्याला माझं काही कळतं तरी का?’ सगळ्या अहवालात ती पेन्सिलीची ओळच मला आवडली. पण भांडण वरच्या ओळीशी आहे.

‘असंबद्ध’ खोड. तिथे तो बोलला ते जसंच्या तसं लिही, आणि त्याच्या आधी काय घडलं ते लिही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, ओळख तिथून रुजली. त्यातला एक मुलगा मधूनच म्हणायचा, ‘कुत्रा गॅलरीतून खाली टाकू नकोस.’ कुत्रा नाही, गॅलरी नाही. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकत होता आणि आई वैतागून तसं म्हणाली होती. तेव्हापासून काही फेकावंसं वाटलं की तो हेच वाक्य स्वतःला बजावायचा. त्याच्या आधीचं कुणी शोधलं नसतं, तर तिथेही तुझाच शब्द पडला असता.

माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी यायची. तहान लागली की म्हणायची, ‘तुला पाणी हवंय का?’ पाणी मिळण्याआधी रोज कानावर पडणारं वाक्य तिने अख्खं उचललं होतं. ‘मी’ आणि ‘तू’ बोलणाऱ्यागणिक बदलतात, हे तिच्यासाठी फार पुढचं होतं. मी ग्लास हातात धरून बसायचे. ‘मला पाणी हवंय’ म्हण, मगच. आठवडेच्या आठवडे. अखेर म्हणाली. मी वहीत ‘प्रगती’ लिहिलं. पुढे तिच्या आईकडून कळलं, घरी ती आता पाणी मागतच नाही, सरळ नळाला तोंड लावते.

आम्हाला तेव्हा तसंच शिकवलं होतं. मुलं खूप, वेळ थोडा. ही कारणं खोटी नाहीत, आणि मी ती अजून सांगते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण वही माझी होती आणि ‘आधी काय घडलं’ हा रकाना मी आखला नव्हता. पाणी तिच्या हातात देता देता ‘मला पाणी हवंय’ हे तिच्या वतीने मी म्हणायचं, इतकंच पुरे होतं.

म्हणून ‘हट्टी’ही खोड. ‘लक्ष वेधायला करतो’ तर आधी खोड. कान झाकून ओरडला? पंखा लागला होता? खुर्ची सरकली? त्याची जागा बदलली होती? आधीचं लिही.

ऑटिझम की नुसता भाषेचा उशीर, हे एकट्या तुला ठरवायचं नाही. त्यासाठी डॉक्टर आणि बाकीची मंडळी आहेत. पण श्रवणचाचणी झाली आहे का? अहवालात उल्लेख नाही. बोलण्याची तक्रार घेऊन मूल आलं की हे पहिलं विचारायचं असतं, आणि हे तुला माहीत आहे. राग आला मला.

गुरुवारी तो येईल तेव्हा शिकवू नकोस. कोपऱ्यात बस, वही उघडी ठेव. तीन पानं लिहिलीस गं, पण तो नेमकं काय म्हणतो, ते त्यांत एकदाही आलेलं नाही.

तुझी,
मॅडम