व्होल्टेज किती ठेवू? टॅटू मशीनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टॅटूकाम शिकायला लागून चार महिने झाले. सर म्हणतात आधी कॉइल मशीन शीक, बरोबरीची मुलं मात्र पेन मशीनच वापरतात. पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

पेन घ्या. सरांची कॉइल रिकाम्या वेळी खोलून, जोडून पाहा. तेही शिक्षणच आहे, पण पहिल्या वर्षाचं रोजचं हत्यार ते नको. कॉइलमध्ये दोन विद्युतचुंबक आर्मेचर बार, म्हणजे सुई हलवणारी लोखंडी पट्टी, खाली ओढतात. बार खाली गेला की पुढची स्प्रिंग कॉन्टॅक्ट स्क्रूपासून सुटते, करंट तुटतो, मागची स्प्रिंग बार वर उचलते आणि करंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण ८० ते १३० वेळा चालतं. ते नीट चालायला गॅप, स्प्रिंगचा बाक, कपॅसिटर, रबर बँड असं सगळं जुळावं लागतं. नवशिक्याची रेघ बिघडली की दोष हाताचा की ट्यूनिंगचा, हे त्याला कळत नाही. पेन मशीन रोटरी जातीचं, आणि रोटरीत मोटर नि तिच्यावरची केंद्रापासून सरकलेली चकती एवढंच असतं, म्हणून शंकेची एक जागा कमी होते.

कॉइल जुनी आणि रोटरी नवी, ही समजूत मात्र सोडा. सॅम्युअल ओ'रायली यांनी १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते एडिसन यांच्या १८७६ च्या विजेच्या लेखणीवर बेतलेलं होतं आणि त्या लेखणीत मोटरच होती. कॉइल नंतर आली.

पेन घेताना स्ट्रोक, म्हणजे सुईचा वरखाली प्रवास, ३.५ मिलिमीटरचा, न बदलणारा घ्या. चाक फिरवून स्ट्रोक बदलणारी मशीन चांगली असतात, पण शिकाऊ माणूस हात सुधारायचं सोडून चाक फिरवत बसतो. घेण्याआधी कार्ट्रिज (सुई बसवलेलं, बदलता येणारं नळकांडं) लावून ५ ते ९ व्होल्टपर्यंत हळूहळू चढवा. आवाज एकसुरी चढला पाहिजे. मध्येच खरखर आली तर बेअरिंग खराब किंवा चकती सैल. मग सुईचं टोक उजेडासमोर धरा. चालू सुई बाजूने एकच बारीक रेघ दिसली पाहिजे. दुहेरी दिसली तर टोक डोलतंय. दुसरं कार्ट्रिज लावूनही डोलत असेल तर ते मशीन परत करा.

प्रश्न : माझं पेन ३.५ स्ट्रोकचं आहे. लायनिंग ७.५ व्होल्टवर करतो. लांब रेघ मध्येच फिकी पडते, कधी ठिपके सुटे दिसतात. मित्राचं त्याच व्होल्टवर झकास चालतं. ४.५ स्ट्रोकचं मशीन घेऊ का?

आधी मित्राचा आकडा विसरा. व्होल्टेज हा वेग नव्हे. तुमची मोटर १२ व्होल्टला मिनिटाला ८,००० फेरे घेणारी असेल तर ७.५ व्होल्टला ती साधारण ५,००० फेरे घेईल, म्हणजे सेकंदाला ८३ ठोके. मित्राची मोटर १२ व्होल्टला १०,००० फेऱ्यांची असेल तर त्याच आकड्यावर १०४ ठोके पडतात. कातडीत सुई शिरली की दोन्ही आकडे आणखी उतरतात, आणि कमजोर मोटरचा जास्त उतरतो. पॉवर सप्लायवर सारखा दिसणारा आकडा प्रत्यक्षात दोन वेगळे वेग दाखवतोय.

आता हात. सेकंदाला १०० ठोके धरा. १० सेंटिमीटरची रेघ ४ सेकंदांत ओढली तर हात सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि ठोके पाव मिलिमीटरवर पडतात; रेघ भरलेली दिसते. तीच रेघ २ सेकंदांत ओढली तर अंतर अर्धा मिलिमीटर होतं, आणि ३ आरएलसारख्या (राउंड लायनर, म्हणजे गोलात जुळवलेल्या तीन सुया) बारीक, लांब टोकाच्या सुईला फट दिसायला लागते. ८३ ठोक्यांवर ती ०.६ मिलिमीटर होते. ही तुमची तक्रार, आणि तिच्यावर स्ट्रोक हे पहिलं औषध नाही. प्रॅक्टिस स्किनवर, म्हणजे सरावाच्या नकली कातडीवर, १० सेंटिमीटरच्या समांतर रेघा आखा. फोनमधलं घड्याळ लावून एकेक रेघ ५, ४, ३ आणि २ सेकंदांत ओढा. मग व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने चढवून तेच पुन्हा, आणखी अर्ध्याने चढवून पुन्हा. तुमचा हात ज्या वेगाने डळमळत नाही तो वेग आधी ठरवा आणि व्होल्टेज त्याला जुळवा. बहुतेक जण उलटं करतात, म्हणजे आकडा धरून बसतात आणि हात त्याच्यामागे पळवतात. एक लक्षात ठेवा, प्रॅक्टिस स्किन सुईला खऱ्या कातडीपेक्षा जास्त धरून ठेवते. तिथला आकडा जसाच्या तसा माणसावर आणू नका. अर्धा व्होल्ट कमी ठेवून सुरू करा.

रेघ "मध्येच" फिकी पडते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ताणही तपासा. सैल कातडीत सुई भोक पाडायच्या ऐवजी कातडी खाली दाबते, ठोका पडतो पण शाई बसत नाही. मशीन धरलेल्या हाताची करंगळी आणि दुसऱ्या हाताचा अंगठा नि बोट अशा तीन दिशांनी ताण द्या. लांब रेघेत सुरुवातीला दिलेला ताण निम्म्यावर संपतो, तो पुन्हा घ्यावा लागतो.

तरी स्ट्रोकचा प्रश्न उरतोच. स्ट्रोक म्हणजे सुईचा वरखाली एकूण प्रवास; खोली नव्हे. खोली हात ठरवतो, आणि अंगावर बहुतेक ठिकाणी ती १ ते २ मिलिमीटरच्या मध्ये राहते. सुई दीड मिलिमीटर आत जाते असं धरून हिशेब मांडला, तर २.५ स्ट्रोकला प्रत्येक फेऱ्यातला ५६ टक्के वेळ ती कातडीत असते, ३.५ ला ४५ टक्के आणि ४.५ ला ३९ टक्के. कातडीत असताना हात पुढे गेला की सुई तेवढी ओढत जाते. म्हणून छोट्या स्ट्रोकवर हात पळवला की कातडी खेचल्यासारखी वाटते आणि रेघेच्या कडा फाटतात. लांब स्ट्रोकला सुई लवकर बाहेर पडते, शिवाय त्याच वेगावर ठोकाही जोराचा बसतो. मोठ्या सुया, जाड रेघा आणि पळणारा हात असेल तर ४ ते ४.५ कामाला येतो. मऊ राखाडी शेडिंगला मात्र तोच ठोका नडतो, तिथे २.५ ते ३ बरा.

तेव्हा हाताची बारा-पंधरा मिनिटांची ही चाचणी आधी करा. ८३ चे ठोके १०० वर नेऊन रेघ भरली तर नव्या मशीनची गरज नाही. ठोके वाढवूनही ११ किंवा १४ आरएलची सुई अडखळत असेल, तर घ्या ४ चं.

प्रश्न : मशीन तेच, व्होल्टेज तेच, फक्त कार्ट्रिजची कंपनी बदलली. आता मशीन सुरू होताना अडतं आणि अर्ध्या तासात गरम होतं. मोटर गेली का?

बहुधा नाही. कार्ट्रिजमध्ये शाई नि रक्त मागे मशीनमध्ये जाऊ नये म्हणून मेम्ब्रेन, म्हणजे रबराचा पातळ पडदा असतो. तो आणखी एक काम करतो, जे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. बहुतेक पेन मशीनचा दांडा सुईला फक्त ढकलतो, मागे ओढत नाही. सुई मागे आणतो तो हा पडदा. नव्या कंपनीचा पडदा ताठ असेल तर मोटरला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, ती जास्त करंट घेते आणि तापते. सुरू होताना अडतं तेही त्यामुळेच. सुरुवात ८ व्होल्टला करून मग खाली आणा आणि कामाचं व्होल्टेज ०.३ ते ०.५ ने वाढवून पाहा. तरीही हाताला चटका बसण्याइतकं तापत असेल तर ते कार्ट्रिज तुमच्या मोटरसाठी नाही.

उलटा दोषही होतो, आणि तो जास्त फसवा आहे. पडदा मऊ असेल तर वेग वाढला की सुई पुरती मागे येण्याआधीच दांडा पुन्हा ढकलतो. मग ३.५ चा स्ट्रोक नावाला उरतो, सुई अर्धी बाहेरच थरथरते. शाई उडते आणि रेघ पुसट येते. मशीन मात्र मऊ आवाजात छान चालल्यासारखं वाटतं!

पाकीट फोडल्यावर ग्लोव्हज घातलेल्या बोटाने मागची दांडी दाबून सोडा. टक्कन परत आली पाहिजे. हळूहळू आली तर ते कार्ट्रिज बाजूला. गळती बघायची असेल तर नव्या पेटीतलं एक कार्ट्रिज बळी द्या. टोक रंगीत पाण्यात बुडवून मागची दांडी वीस-तीस वेळा दाबा, मग मागचा भाग पांढऱ्या टिश्यूने पुसा. रंग लागला तर ती अख्खी पेटी माणसावर वापरू नका.

प्रश्न : जुन्या कॉइल लायनरचा (रेघा ओढायच्या मशीनचा) आवाज घोगरा झालाय, ठिणगी मोठी दिसते, मशीन मधूनच थांबतं. कुठून सुरुवात करू?

आधी क्लिप कॉर्ड, म्हणजे पॉवर सप्लायपासून मशीनपर्यंतची वायर, बदलून पाहा. मधूनच थांबण्याचं कारण मशीनपेक्षा कॉर्डमध्ये आणि फूट स्विचमध्ये जास्त वेळा सापडतं. कॉर्ड जोडापाशी हलवून आवाज बदलला तर दुखणं तिथेच.

ते नसेल तर वीज बंद करून सुई, रबर बँड काढा. कॉन्टॅक्ट स्क्रूचं टोक आणि स्प्रिंगवरची त्याची जागा भिंगाखाली बघा. काळा डाग, खड्डा दिसला तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-चार वेळा हलकं घासा. कानसीने घासू नका, टोकाचा आकार जातो. स्प्रिंगच्या बाकावर केसासारखी चीर आहे का पाहा. असली तर स्प्रिंग बदला, ती चालू कामात तुटणार.

आता आर्मेचर बार बोटाने पुढच्या कॉइलवर टेकवा आणि पुढची स्प्रिंग नि स्क्रू यांच्यातली फट मोजा. लायनरला ती साधारण दीड मिलिमीटर, शेडरला, म्हणजे शेडिंगच्या मशीनला, २ च्या आसपास. फट घटली की ठोका आखूड होऊन वेग वाढतो, फार घटली तर मशीन नुसतं बझ करतं. बार मागच्या कॉइललाही आपटत असेल तर धातूचा टणटण आवाज येतो. मागची कॉइल पुढचीपेक्षा किंचित खाली असायला हवी.

एवढं करूनही ठिणगी मोठी, निळी आणि सतत असेल तर कपॅसिटर गेला. लायनरला सहसा २२ मायक्रोफॅरडचा, शेडरला ४७ चा लागतो. धन-ऋण खुणा असलेला प्रकार असेल तर उलटा जोडू नका. शेवटी रबर बँड : एक, फार तर दोन. सुई डोलते म्हणून चार-चार बँड लावणारे दिसतात. त्याने डोलणं थांबत नाही, मशीन दमतं. डोलणाऱ्या सुईचं कारण वाकडा निडल बार (सुईची दांडी) किंवा ती आर्मेचरला बसवणारा झिजलेला ग्रॉमेट (रबरी कडं) असतो.

प्रश्न : वायरलेस मशीनची बॅटरी १,५०० एमएएच लिहिलेली आहे. मोटर ०.३ अँपिअर घेते, म्हणजे पाच तास चालायला हवी. दोन तासांत संपते. फसवणूक?

तुमच्या हिशेबात एक पायरी गळली. बॅटरीतला सेल ३.७ व्होल्टचा आणि मोटर चालते ७.४ वर, म्हणून आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं आणि सेलमधून करंटही दुप्पट, ०.६ अँपिअर खेचतं. म्हणजे अडीच तास. सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाते ती वजा केली की तुमचे दोन तास आले. भरलेली दुसरी बॅटरी जवळ ठेवा. बदलताना ग्लोव्हज बदला आणि मशीनवरची पिशवीही नवी घाला. घाईत विसरतं ते हेच.

प्रश्न : पेन मशीन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालता येतं का?

मोटरचा भाग कधीही नाही. सुटी होणारी पूर्ण स्टीलची ग्रिप, म्हणजे हातात धरायचा भाग, घालता येते. आधी ब्रशने आणि अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये स्वच्छ करून पाकिटात, १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटं. ही वेळ तापमान गाठल्यानंतरची आहे, बटण दाबल्यापासूनची नव्हे. शाई सुकून चिकटलेली ग्रिप कितीही तापवली तरी निर्जंतुक झाली असं धरता येत नाही, कारण वाफ त्या पापुद्र्याखाली पोचत नाही.

मोटरच्या भागावर जंतुनाशक थेट फवारू नका, दांड्याच्या भोकातून ते आत उतरतं. कापडावर घेऊन पुसा आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्या. लगेच कोरडं केलं तर पुसणं वाया. प्रत्येक ग्राहकाला मशीनची पिशवी, ग्रिपवरची पट्टी आणि कॉर्डचं आवरण नवं.