पशुवैद्यकीच्या इंटर्नशिपला निघालास, तर एवढं कर

गोठ्यात शिरल्या शिरल्या सुई काढू नकोस. आधी लांबून बघ, गाय उभी कशी आहे, रवंथ करते का, शेण कसं पडलंय. मग धार कोण काढतं ते विचार. बऱ्याच घरी ती बाईच काढते. दूध कधीपासून कमी झालं हे तिलाच नेमकं ठाऊक असतं, आणि आपण प्रश्न मालकालाच विचारत बसतो. हे मला फार खटकतं.

डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धर. निरोगी गाईच्या पोटाची हालचाल दोन मिनिटांत दोन-तीनदा हाताला लागते. अशा निरोगी गाई भरपूर तपास, तरच बिघाड कळेल.

नुकती व्यालेली गाय बसून आहे, कान गार पडलेत, तर मिल्क फीवरचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटल्याचा, संशय आधी घे. कॅल्शियम शिरेतून सावकाश, 10 ते 20 मिनिटं घेऊन दे आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप हृदयावरून काढू नकोस. ठोके अडखळले की लगेच थांब. मालक घाई करेल, करू दे.

वार (झार) अडकलेली किंवा गाभडलेली, म्हणजे गर्भपात झालेली, गाय तपासताना लांब हातमोजे घालच. गाई गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार माणसालाही होतो. सीनियर मोज्यांशिवाय हात घालताना दिसले तरी तू घालू नकोस.