वाचक विचारतात : चारशे फोटोंतला कुठला ठेवू?

प्रश्न : मी दर बुधवारी नाशिकला गोदाघाटावरच्या बाजारात फोटो काढायला जाते. दोन तासांत चारशे तरी फोटो होतात, सगळे लोकांच्या नकळत काढलेले. घरी येऊन बघितलं की नुसती गर्दी दिसते आणि कुठला ठेवायचा तेच कळत नाही. मैत्रिणी म्हणतात सगळेच छान आलेत. माझं काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन तासांत चारशे म्हणजे दर १८ सेकंदांना एक क्लिक झाला, अहो मग बघायचं कधी? बाजारात आपलं होतं काय की चेहरा भारी दिसला की आपण त्याच्या मागे जातो, क्लिक करतो, आणि त्या चेहऱ्यामागे काय होतं ते घरी आल्यावर कळतं. ताडपत्रीचा बांबू बरोब्बर डोक्यातून वर गेलेला, कडेने कोणाचं तरी कोपर घुसलेलं, नाहीतर एखादी पांढरी प्लास्टिकची पिशवी अशी चमकते की नजर तिथेच जाऊन बसते.

म्हणून आधी जागा शोधा, माणूस नंतर येईल. सकाळच्या तिरप्या उन्हात ताडपत्रीची सावली जिथे संपते ती कड बघा, माणूस सावलीतून त्या कडेला आला की चेहऱ्यावर उजेड पडतो आणि मागचा सगळा पसारा अंधारात बुडतो. तिथे १५-२० मिनिटं नुसतं उभं राहायचं. पहिली पाच-दहा मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतील, मग आपापल्या कामाला लागतील, आणि खरं कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेलं, तिथून पुढे सुरू होतं. निळ्या ताडपत्रीच्या बरोबर खाली मात्र काढू नका, चेहरे निळे पडतात आणि एडिटिंगमध्ये ते धड सुधारत नाहीत. फोन असेल तर उजेडातल्या वस्तूवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक होतं, मग ब्राइटनेस जरासा खाली ओढा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर २८ एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, शटर १/२५० सेकंद आणि फोकस हातानेच दोन मीटरवर लावून ठेवा, साधारण सव्वा ते पाच मीटरमधलं सगळं शार्प येतं आणि डोकं फक्त बघण्यासाठी मोकळं राहतं.

गर्दी वाटते त्याचं दुसरं कारण म्हणजे डोकी एकमेकांना चिकटतात. दोन माणसांच्या मधे थोडी तरी फट दिसायला हवी, त्यासाठी कधी अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तरी पुरतं, कधी गुडघ्यात वाकलं की पाटीवाल्याचं डोकं बाकीच्यांच्या वर मोकळं येतं. छायाचित्रकार रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो मिळाला तर जरूर बघा, पेपर वाचणारी माणसं जागच्या जागी स्थिर आणि भोवतीची सगळी गर्दी धूसर होऊन वाहतेय. गर्दी त्यातही प्रचंड आहे पण नजर कुठे थांबवायची ते फोटोच सांगतो.

आता निवड. यात माझी स्वतःची फसगत कशी झाली ते सांगते. दादरच्या फूल बाजारात एका पहाटे मी एका हमालाचे ३८ फोटो काढले. एकात ते थेट माझ्याकडे बघून हसलेत, तोच मला कितीतरी दिवस सगळ्यात भारी वाटायचा. मग ४×६ चे प्रिंट काढून टेबलावर पसरले, तर बहिणीने, जी त्या बाजारात कधी गेलेली नाही, भलताच उचलला. त्यात ते झेंडूची पाटी उतरवताहेत, चेहरा अर्धा झाकलाय, मान ताठरलेली, अंगठा पाटीच्या काठात रुतलाय, आणि मागे एक बाई सुई दातात धरून दोरा ओढतेय. ती बाई मी क्लिक करताना पाहिलीच नव्हती! हसऱ्या फोटोत मला त्या पहाटेची थंडी आणि त्यांनी देऊ केलेला चहा आठवत होता, पण बहिणीला ते कुठून दिसणार, फोटोत ते नव्हतंच.

गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन फोटोग्राफर म्हणूनच फिल्मचा रोल लगेच धुवायचा नाही, वर्ष-वर्ष थांबायचा, काढतानाचा मूड निवडीत येऊ नये म्हणून. तुम्ही निदान दोन आठवडे थांबा. त्या दिवशी काहीही डिलीट करू नका. मग स्क्रीनवर तिकिटाएवढे छोटे करून बघा, त्या साइजमध्येही जो ओळखू येतो तो बाजूला काढा, असे वीस-तीस निघतील, त्यांचे स्वस्तातले प्रिंट काढा आणि आठवडाभर येता-जाता दिसतील असे ठेवा. चारही कडा बोट फिरवून तपासा. एकाच प्रसंगाचे दोन ठेवायचे नाहीत, हे फार जड जातं पण करा. बुधवारचे दोन उरले तरी उत्तम समजा, फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून ७६७ रोल काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ फोटो घेतले. आणि मैत्रिणींना सगळे दाखवण्याऐवजी दोन प्रिंट समोर ठेवून 'यातला कुठला फाडू?' असं विचारा, लगेच खरं बोलतील.

प्रश्न : क्रॉप केलं तर चालतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चालतं की. फ्रेंच फोटोग्राफर कार्टिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होता, तरी डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे, कुंपणाच्या फटीतून काढल्यामुळे कडेला फळी आली होती. कडेचा अडथळा काढायला जरूर कापा, पण अर्ध्याहून जास्त कापावं लागत असेल तर पुढच्या वेळी दोन पावलं जवळ जा.

प्रश्न : नकळत फोटो काढणं बरोबर आहे का? मला अपराधी वाटतं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाटतंय ते चांगलंच आहे. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं, आंघोळ करणाऱ्या बायका, एकटी मुलं, यांचे मी काढत नाही, फोटो कितीही भारी दिसत असला तरी. कोणी मान हलवून नको म्हटलं तर त्यांच्यासमोरच डिलीट करायचा. बाकीच्यांच्या बाबतीत क्लिक झाल्यावर कॅमेरा खाली घ्या, नजर मिळवा, स्क्रीन दाखवा. आणि भाजीवाल्या मावशींचा फोटो निवडलात तर एक प्रिंट जास्तीचा काढा आणि पुढच्या बुधवारी त्यांना नेऊन द्या, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी.