मालवणीत मुलांचे कार्यक्रम करणाऱ्याने शेफील्डच्या परिषदेला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळला राहून तुम्ही पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या घेऊन लहान मुलांसाठी मालवणीत गोष्टींचे व्हिडिओ करता. इंग्लंडमधल्या शेफील्डला दर जुलैत ‘चिल्ड्रन्स मीडिया कॉन्फरन्स’ भरते. जाण्यायेण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, तर तो करावा का?

करावा, पण मालिका विकली जाईल या आशेवर नको. मी सावंतवाडीत मुलांसाठी अ‍ॅनिमेशन करते आणि त्या परिषदेला जाऊन आले आहे. तिथे चॅनलवाले भेटतात, बोलतातही नीट, पण पहिल्याच भेटीत कोणी पैसे काढत नाही. ओळख वाढायला काही वर्षं जातात. केवळ बाजारच गाठायचा असेल तर जूनमध्ये फ्रान्समधल्या आन्सीला अ‍ॅनिमेशनचा मोठा बाजार भरतो, तो बघा.

शेफील्डला तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची माणसं म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्श (वेल्सची) आणि गेलिक (स्कॉटलंडची) या लहान भाषांत मुलांचे कार्यक्रम करणारी. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. एकट्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ साली साडेआठ लाखांच्या आसपास होती! तरी त्या भाषेचं एस-फोर-सी हे स्वतंत्र चॅनल १९८२पासून चालू आहे आणि त्यावर रोज छोट्यांचे कार्यक्रम लागतात. आपल्याकडची पोरं बघतात तो आग विझवणारा ‘फायरमन सॅम’ मुळात याच चॅनलसाठी १९८७ साली तयार झाला, वेल्शमध्ये ‘सॅम टान’ या नावाने. भाषा लहान आहे म्हणून कार्यक्रमही गल्लीपुरताच राहणार, असं आपल्याकडे सरसकट धरून चालतात. ते किती चुकीचं आहे हे या लोकांशी तासभर बोललात की कळेल.

त्यांना पैशाचं गणित विचारा. चित्रीकरण एकदाच करायचं आणि आवाज दोन-तीन भाषांत चढवायचा, हा त्यातला मोठा भाग. इथे तुमची बाजू भक्कम आहे, कारण तुमच्या बाहुल्यांचे ओठ हलत नाहीत. संवाद ओठांशी जुळवत बसायची गरजच नाही. फक्त आत्तापासून प्रत्येक भागाचे संवाद वेगळ्या ट्रॅकवर आणि संगीत, आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. एकदा सगळं मिसळलं की दुसऱ्या भाषेसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि वीस मिनिटांचा भाग तोडून अकराचा करा. टीव्हीच्या अर्ध्या तासात जाहिराती धरून अकरा मिनिटांचे दोन भाग बसतात, म्हणून मुलांच्या कितीतरी मालिका त्याच मापाच्या असतात.

जाण्यापूर्वी मात्र एक काम कराच. अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारास एडवर्ड पामर नावाच्या संशोधकाने एक साधी चाचणी वापरली. मुलासमोर कार्यक्रम लावायचा आणि बाजूच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवायची. मूल कार्यक्रमावरून नजर काढून तिकडे कधी बघतं, ते टिपत जायचं. मी हे आमच्याकडच्या एका अंगणवाडीत केलं. टीव्हीवर आमची गोष्ट, शेजारी लॅपटॉपवर होड्यांचे, गुरांचे फोटो. कावळा पेजेच्या टोपात चोच घालतो तिथे एकानेही मान वळवली नाही, उलट एक पोरगी ‘अगो, मेलो बुडतलो!’ म्हणून ओरडली. पुढे निवेदक कावळ्याने काय शिकायला हवं होतं ते सांगू लागला आणि सगळी मुंडकी लॅपटॉपकडे. ते निवेदन आम्ही काढून टाकलं. शेफील्डला माझ्याकडे माहितीपत्रक होतंच, पण लोक थांबून ऐकत होते ते या नोंदी. कोणत्या वयाचं मूल, कोणत्या क्षणी, काय करतं, हे ज्याला सांगता येतं त्याच्याशी तिथले लोक बरोबरीने बोलतात.

दुसरी गोष्ट कलाकारांची. पिंगुळीच्या ठाकर समाजाची ही कला पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत जपलेली आहे, परशुराम गंगावणे यांना २०२१ची पद्मश्री त्यासाठीच मिळाली. ज्या घराच्या बाहुल्या तुम्ही वापरता त्यांच्याशी लेखी करार केल्याशिवाय परदेशात कोणाला एक फ्रेमही दाखवू नका. श्रेयनामावलीत नाव कसं येईल, परदेशी विक्री झाली तर वाटा किती, बाहुलीची खेळणी निघाली तर काय, हे सगळं मराठीत लिहा, त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या घरातल्या तरुण पोरांनाही त्या बैठकीला बसवा. यात कसूर झाली तर मालिका कितीही गाजू दे, मला ती बघवणार नाही.

यूट्यूबवरच्या कमाईबद्दलही विचारलंय. २०२०पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर वैयक्तिक (म्हणजे बघणाऱ्याची आवड हेरून दाखवलेल्या) जाहिराती आणि कॉमेंट बंद झाल्यामुळे हा प्रश्न जगभर सगळ्यांनाच पडला आहे. परिषदेत त्यावर सत्र असेल तर चुकवू नका.

व्हिसासाठी साधा व्हिजिटर व्हिसा चालतो, परिषदेला हजर राहणं त्यात बसतं. नोंदणी झाली की आयोजकांकडून पत्र मागून घ्या आणि एप्रिलमध्येच अर्जाला लागा. मुंबईला जायचं तिकीटही आधी काढून ठेवा, जुलैत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते, त्यामुळे विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा.