बाबांची तुटलेली भावकी शोधू की नको?

पत्र, थोडक्यात: “मी 49 वर्षांची, डोंबिवलीत राहते. बाबा 78 वर्षांचे आहेत. आजोबा मुंबईत गिरणीत होते, आजी आणि बाबा गावी. बाबा दहा-अकरा वर्षांचे असताना आजोबांचं थोरल्या भावाशी जमिनीवरून भांडण झालं. बायको-मुलाला घेऊन ते मुंबईला आले ते कायमचे. घरात गावाचा विषय काढलेला त्यांना खपायचा नाही. आता बाबांना विस्मरण सुरू झालंय. जेवण झालं की विचारतात, ‘बाळा आला का?’ बाळा म्हणजे त्यांचा धाकटा चुलत भाऊ. शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव आणि ‘जि. रत्नागिरी’ एवढंच आहे, आणि त्या नावाची गावं दोन-तीन सापडतात. गावी आमचं आडनावही वेगळं होतं म्हणे. भाऊ म्हणतो, गाडलेली मढी उकरू नकोस, त्यांना वाटेल हिस्सा मागायला आलो. डीएनए चाचणी करून घ्यावी का? की सोडून देऊ?”

ताई,

सोडून देऊ नका. शोधा, आणि यंदाच शोधा. बाबांना आज जे आठवतंय ते पुढच्या वर्षी आठवेलच असं नाही, आणि बाळाकाका असतील तर तेही सत्तरीच्या पुढचेच असणार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त सांगून गेलं ते भांडणाचं साल. बाबा दहा-अकरा वर्षांचे, म्हणजे 1957-58 च्या आसपास. कूळकायदा 1948 चा, पण 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने घेऊन, कसत होता, तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. कोकणात त्या काळी घरोघरी एक भाऊ मुंबईला आणि एक गावाला असायचा. मुंबईचा मनीऑर्डर पाठवायचा, गावचा नांगर धरायचा. कागदाला नाव लागलं ते गावच्या भावाचं. काही ठिकाणी त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असं लिहिलं गेलं. काही ठिकाणी नुसतंच नाव. त्यावरून कितीतरी सख्खे भाऊ जन्माचे तुटले. तुमच्याकडे हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण शक्यता दाट आहे. थोरल्या आजोबांनी फसवलंच असेल असं धरून चालू नका. तलाठ्यापुढे जो हजर होता त्याचं नाव लागलं, एवढंच घडलेलं असू शकतं. आणि पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवणाऱ्या तुमच्या आजोबांना ते जिव्हारी लागलं, हेही तितकंच खरं असू शकतं.

आता गाव. दाखल्यावरच्या ‘जि. रत्नागिरी’वर विसंबू नका. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. त्याआधी देवगड, कणकवली, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी हे सगळं रत्नागिरीतच होतं. म्हणून गाव दोन्ही जिल्ह्यांत शोधायचं, आणि कुठलं ते बाबांच्याच आठवणींतून ठरवायचं. त्यांना “आठवतंय का?” असं मात्र विचारू नका. नाही आठवलं की ते बावरतील. त्यापेक्षा विषय काढून द्या. शिमग्याला नमन-खेळे यायचे की जत्रेत दशावतारी नाटक व्हायचं? दशावतार म्हणाले तर आधी सिंधुदुर्गात बघा. नमन, जाखडी म्हणाले तर आजच्या रत्नागिरीत. गावदेवीचं नाव विचारा. पावणाई, रवळनाथ ही नावं जास्त करून दक्षिणेकडची. काळकाई, झोलाई आली तर खेड-दापोलीकडे वळा. वाडीचं नाव, शाळेच्या वाटेवरचा पऱ्ह्या म्हणजे ओढा, पालखी कुणाच्या घरी आधी थांबायची, होडीने जावं लागायचं का, हे सगळं त्यांना बोलू द्या. मालवणी बोलतात की संगमेश्वरीचा हेल काढतात, तेही ऐका. दिवसातल्या ज्या वेळी ते ताजेतवाने असतात, तेव्हा बसा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. सापडलं नाही काही, तरी तो आवाज तुमच्या मुलांना पुढे हवासा वाटेल.

आणि आजीचं माहेर! पत्रात त्याचा उल्लेखच नाही. भांडण आजोबांच्या घरात झालं, आजीच्या माहेरी नाही. सोयरीक त्या काळी जवळपासच्या गावांतच व्हायची, त्यामुळे तिच्या भावांच्या नातवंडांना तुमच्या बाबांचं घर कुठलं, तिथे आता कोण राहतं, हे बहुतेक ठाऊक असेल. पुरुषांचा अबोला असलेल्या घरांची खबरबात बायका ठेवतात. बाबांना त्यांच्या मामांबद्दल विचारा. मला विचाराल तर पहिली वाट हीच.

दुसरी वाट मुंबईतच आहे. कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. गिरणगावात गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या असायच्या, लालबाग-परळच्या चाळींत त्यातल्या काही अजून आहेत. गावाचं नाव धरून तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा. ‘अमुक साली बायको-मुलाला घेऊन आला तो परत गेलाच नाही’ एवढ्यावरून ओळख पटवणारी माणसं असतात.

कागद त्यानंतर. सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावावरून सातबारा शोधता येतो. दोन्ही आडनावं घालून बघा. गिरणीच्या मस्टरवर किंवा शाळेत नाव घालताना आडनाव बदललेली घरं पुष्कळ आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. खातं सापडलं की त्यावरच्या फेरफाराचे, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक टिपून घ्या आणि ते जुने फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून मागवा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारस नात्यासकट लिहिलेले असतात. वंशावळच म्हणा ना ती. ‘इतर हक्क’ हा रकाना वगळू नका. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं बऱ्याचदा तिथे सापडतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक, असली तर आजोबा आणि त्यांच्या भावाचा जन्मही मिळू शकतो. ती मोडीत असेल, तर मोडी वाचणारा गाठावा लागेल.

डीएनएवर पैसे घालवू नका. समोरच्यानेही नमुना दिलेला असेल, तरच जुळणी कळते. तुमच्या चुलत्यांनी तसा दिला असण्याची शक्यता नगण्य. फेसबुकवरच्या गावाच्या ग्रुपवर विचारायला हरकत नाही, पण बाबांचा दाखला किंवा आधार कार्ड तिथे टाकू नका.

घर सापडलं की थेट जाऊन उभ्या राहू नका. गावच्या गुरवाकडून, पोलिस पाटलाकडून किंवा मामांकडच्या कुणाकडून निरोप धाडा, मग फोन करा. आणि फोनवर पहिल्या पाच वाक्यांत सांगा: “बाबांना बाळाकाकांना भेटायचंय. जमिनीसाठी फोन केलेला नाही.” भावाची भीती खोटी नाही. कोकणात जमिनींचे भाव चढल्यापासून मुंबईहून आलेल्या अनोळखी नातेवाइकाकडे सगळे आधी त्याच नजरेने बघतात. ही गोष्ट तुम्ही स्वतः बोललात तर त्यांचा जीव भांड्यात पडेल. मात्र तोंडाने सांगा आणि तिथेच थांबा. कुणी प्रेमाने म्हणालं की “एवढी एक सही करून टाक,” तर हक्कसोडपत्रावर सही करू नका आणि बाबांचा अंगठाही लावू देऊ नका. त्या जमिनीत बाबांचा हक्क असेल-नसेल, तो विषय वेगळा, वकिलाला विचारून सवडीने बघायचा. दोन्ही एकत्र आणलेत तर भेट हातची जाईल. भावालाही हेच सांगा: मागायचं काही नाही, सोडायचंही काही नाही, भेटायला चाललोय. तो सोबत आला तर फार बरं, नाही आला तरी तुम्ही थांबू नका.

समोरून थंड उत्तर येऊ शकतं. त्यांच्या घरातही पासष्टहून जास्त वर्षं एक गोष्ट सांगितली गेली असेल, आणि तीत तुमचे आजोबा दोषी असतील. वाद घालू नका. ऐकून घ्या, आपला नंबर द्या, आणि गणपतीला पुन्हा एक फोन करा. त्यांना नकोच असेल तर तो त्यांचा अधिकार आहे; दुसऱ्या कुठल्या चुलत्याचं, आत्याचं दार उघडतं का ते बघा.

पहिल्यांदा तुम्ही एकट्या जाऊन या, भातकापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर. तेव्हा माणसांना बसून बोलायला सवड असते. शिमग्याला सगळे मुंबईकर गावात असतात हे खरं, पण त्या ढोलांच्या आवाजात आणि गर्दीत बाबा गोंधळून जातील. त्यांना न्यायचं ते शांत दिवसांत, दोन रात्री मुक्कामाच्या बेताने, त्यांची औषधं आणि रोजची उशी सोबत घेऊन.

आणि बाळाकाका नसतील तर? ही बातमी फोनवरच समजेल, तिची तयारी ठेवा. बाबांना एकदा सांगा, जवळ बसून, हात हातात घेऊन. सुतक धरायचं म्हणाले तर धरू द्या, अंघोळ करायची म्हणाले तर करू द्या, त्यांच्या भावकीचं ते इतकी वर्षं राहून गेलेलं आहे. पण दोन दिवसांनी जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, ‘बाळा आला का?’, तर ‘बाबा, ते गेले’ असं परत सांगू नका. विस्मरण झालेल्या माणसाला दर वेळी ते पहिल्यांदाच कळल्यासारखं दुःख होतं. तेव्हा म्हणा, “बाबा, तुम्ही आणि बाळाकाका कुठे खेळायचात?”