तालमीत घामाने निथळणाऱ्या पोराचं अंग तापून का जात नाही?

तुम्ही विचारलंय की मुलगा कोल्हापुरात तालमीला जातो, जोर-बैठका मारून घामाने निथळतो, तरी घरी आल्यावर थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपासच दाखवतो. शरीराला हे जमतं कसं, आणि मेहनत चालू असताना पाणी द्यावं का?

पाणी जरूर द्या. मी इथे शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि ‘मेहनतीत पाणी नको’ हा सल्ला ऐकला की मला काळजी वाटते.

स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा साधारण तीन चतुर्थांश भाग उष्णताच होतो. त्यामुळे कुस्ती चालू असताना आतलं तापमान ३८-३९ पर्यंत चढतं. मेंदूतलं हायपोथॅलॅमस ते ओळखून कातडीकडे जास्त रक्त वळवतं (पोरं लालबुंद होतात ती यामुळे) आणि घाम सोडतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो अंगावरच वाळायला हवा. ठिबकून हौद्याच्या मातीत गेलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून पावसाच्या तोंडावरची दमट हवा पैलवानाला इतकी जड जाते.

आता हा घाम येतो रक्तातल्या पाण्यातून. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्के वाढली तरी मेंदूला कळतं. तहान लागते, व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, मूत्रपिंड पाणी राखतं, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. अल्डोस्टेरोन हे दुसरं हार्मोन मीठ वाचवतं. नव्या पोराच्या वाळलेल्या बनियनवर मिठाचे पांढरे डाग दिसतात. उन्हाळ्यात एक-दोन आठवडे रोज मेहनत झाली की घामातलं मीठच कमी होतं.

पण मूत्रपिंड आहे तेवढंच पाणी वाचवणार, नवं कुठून आणणार? पाणी फार घटलं की कातडीकडे रक्त कमी जातं, घाम आटतो आणि तापमान चढत जातं. वजनगटात बसायला पाणी तोडून, स्वेटर घालून पोरांना पळवणं मला म्हणूनच अजिबात मान्य नाही.

थंडाई मेहनतीनंतर खुशाल द्या, पण मधे घोट-घोट पाणी हवंच. मेहनत लांबली तर त्यात लिंबू, मीठ, साखर घाला. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणीही पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल, तर आधी सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.